बाराशे रुपयांची पुस्तकं

यादी करून आले नव्हते.
पर्समध्ये बाराशे रुपये, पावती आणायची ताकीद,
आणि डोक्यात अठ्ठावीस लेकरं,
चटईवर अर्धगोल बसलेली,
त्यातली सहा सारखी उठणारी.

नांदेडला, पुलाच्या अलीकडं दुकान.
मालक म्हणाले, बाई, एवढ्यात अंकलिप्या चाळीस बसतात,
वर फळांचा तक्ता फुकट.
म्हणलं, अंकलिपी खाली मान घालून वाचतात, भाऊ.
मला लेकरांकडं तोंड करून वाचायची पाहिजेत.

पहिलं हातात आलं ते चकचकीत.
ससा, टोपी, छत्री, यमकं ठासून भरलेली.
दुसऱ्याच ओळीला माझा दम संपला.
मोठ्यानं वाचलं की कळतं,
लिहिणाऱ्यानं कधी तोंड उघडून बघितलं होतं का नाही.
ठेवून दिलं.

दुसऱ्यात म्हैस होती.
शिंगं गाईची.
धम्मपाल चटईवर लोळून हसला असता,
बाई, हिला कोणी काढलं, पुण्याच्यानं?

रुसलेल्या शेळीचं मात्र आवडलं,
शेवटचं पान येईपर्यंत.
शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य:
मोठ्यांचं ऐकावं.
शेळीनं तर कुणाचंच ऐकलं नव्हतं,
म्हणून तर मजा आली होती.
घेतलं तरी.
घरी खळ आहे, वहीचा कागद आहे,
तात्पर्यावर चिकटवीन.

एकात शब्दच नव्हते.
एक मुंगी, एक भिंत, एक पत्र्याचा डबा.
दोनशे दहा रुपये, अन् वाचायचं काय?
ठेवलं. उचललं. ठेवलं.
तांड्यावरचा इंदल आठवला.
माझी मराठी त्याला अजून दारातच उभं करते,
अन् त्याची बहीण सांगते,
घरी गोरमाटीत एक मिनिट गप्प बसत नाही, बाई.

दुकानात गठ्ठे बांधणारं पोरगं होतं, मुजम्मिल.
त्याला म्हणलं, धर बरं छातीशी.
असं नाही. चित्र माझ्याकडं.
मी मागं सरकत पार दारात गेले,
मिसबाह बसते तेवढ्या लांब.
तिला चष्मा सांगितलाय, आणलेला नाही.
मुंगी दिसायली.
म्हणलं, उलट पान.
भिंत दिसायली. मुंगी नाही.

पोरगं पुस्तकावरून मान काढून उलटं बघायलं,
"कुठं गेली ओ?"
उलट की, पुढच्या पानावर असंल.
"थांबा," म्हणला.
सुतळी खाली ठेवली,
विटेविटेवर बोट ठेवत निघाला.
मालक ओरडायलेत, मुजम्मिल, पार्सल!
अन् हा तिसऱ्या थरावर.
सापडली नाही त्याला. मलाही नाही.

घेतलं.

सगळी मिळून सात झाली.
तक्ता नको म्हणलं तरी मालकानं पिशवीत कोंबलाच.

काळीपिवळीत पाय ठेवायला जागा नव्हती,
खाली हळदीची पोती, वर आम्ही.
वसमतचा मोंढा भरात होता,
जो तो भावाचंच बोलायला.
शेजारच्या हमालानं विचारलं, काय घेतलंत बाई?
मी मुंगीचं काढलं.
काढायला नको होतं.

त्यानं ते लांब धरलं, मग जवळ,
अन् भिंतीच्या पानावर सरळ अंगठा टेकवला,
"ही काय, डब्याच्या मागं बसलीय."
खरंच बसली होती.
तिच्या शेजारी पिवळाजर्द ठसा,
दोनशे दहा रुपयांच्या कोऱ्या पुस्तकावर.

"पुसतो, पुसतो," म्हणायला बिचारा,
दुसऱ्या, तितक्याच पिवळ्या हातानं.
म्हणलं, राहू द्या.
आता परत करायचा प्रश्नच मिटला.
सोमवारी कुणीतरी बोट दाखवून विचारंलच,
बाई, हे पिवळं कोण?

काय, असं नाही विचारणार.
कोण, असंच विचारतील.
चार वर्षांची आहेत.